आयसेफचा प्रकल्प : मार्गदर्शक कोण होऊ शकतो, कोणता फॉर्म कधी भरायचा?

आयसेफ या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत थेट अर्ज करता येत नाही. तिच्याशी संलग्न असलेल्या स्पर्धेतून निवड व्हावी लागते. इयत्ता ९ वी ते १२ वीचे विद्यार्थी पात्र असतात. स्पर्धेआधीच्या १ मेपर्यंत वयाची २० वर्षे पूर्ण झालेली नसावीत. गट केलाच तर जास्तीत जास्त ३ जणांचा.

प्रत्येक प्रकल्पाला एक ‘अ‍ॅडल्ट स्पॉन्सर’, म्हणजे प्रौढ मार्गदर्शक, लागतोच. नावावर जाऊ नका, पैशांशी याचा संबंध नाही. शिक्षक, पालक, प्राध्यापक, शास्त्रज्ञ यांपैकी कोणीही चालतो. मात्र त्याला विषयाची जाण हवी आणि नियम माहीत हवेत. फॉर्म १ त्याने भरायचा. फॉर्म १ए आणि संशोधन आराखडा विद्यार्थ्याचा, तर १बी वर विद्यार्थी आणि पालक दोघांच्या सह्या.

घोळ होतो तो तारखांचा. १ए वर प्रयोग सुरू केल्याची तारीख असते आणि स्पॉन्सरची सही त्याआधीची असावी लागते. सगळं उरकून शेवटच्या आठवड्यात सरांपुढे कागद ठेवले, की हीच तारीख अंगाशी येते. माणसांवर प्रयोग असेल, अगदी प्रश्नावली भरून घ्यायची असेल, तरी परीक्षण समितीची मंजुरी सहसा आधीच घ्यावी लागते. त्या समितीत तुमचा स्पॉन्सर किंवा पालक बसू शकत नाही.

धोकादायक रसायनं किंवा उपकरणं असतील तर फॉर्म ३ भरा. प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्या व्यक्तीची माहिती त्यातच येते. काही प्रकल्पांना ‘क्वालिफाइड सायंटिस्ट’ लागतो, म्हणजे त्या विषयातला डॉक्टरेट किंवा पुरेसा अनुभव असलेला पदव्युत्तर तज्ज्ञ. त्याचा फॉर्म २. घरी जीवाणू वाढवायला मात्र कोणाच्याही सहीने परवानगी मिळत नाही.

विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलं असेल तर फॉर्म १सी लागतो. हा मात्र प्रयोग संपल्यावर, तिथल्या मार्गदर्शकाने भरायचा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. कल्पना कुठून आली, विद्यार्थ्याने स्वतः नेमकं काय केलं, हे त्यात लिहावं लागतं. ‘चांगली मदत केली’ असं मोघम लिहून भागत नाही. नमुने कोणी तयार केले, यंत्र कोणी चालवलं, आकडे कोणी मांडले, हे वेगवेगळं लिहून घ्या. परीक्षक पोस्टरसमोर उभे राहून हेच विचारतात.

मागच्या वर्षीचाच प्रकल्प पुढे नेत असाल, तर फॉर्म ७ सुद्धा जोडा.