मांजर चावतं तेव्हा नेमकं काय हलतं?

भाची दहावीला आहे. परवा तिच्या टेबलावर विज्ञानाचं पुस्तक भिंगांच्या धड्यावर उघडं होतं आणि त्याला टेकवलेल्या मोबाइलवर ‘अझुमांगा दाइओ’ चालू होतं. शाळकरी मुलींची ही जपानी अ‍ॅनिमे (कार्टून) मालिका २००२ सालची, म्हणजे भाचीच्या जन्माआधीची. कथा म्हणाल तर तास, डबा, परीक्षा, सुट्टी, एवढीच.

“कितव्यांदा बघतेयस?”

“तिसऱ्यांदा.”

“यात कोणी धड हलतसुद्धा नाही गं!”

“हलतात की, मामा. दृष्टिसातत्य!” तिनं धड्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. प्रतिमा दृष्टिपटलावर १/१६ सेकंद टिकते, म्हणून सिनेमा हलताना दिसतो.

इथं मला राहवेना. दृष्टिसातत्य खोटं नाही. गरगर फिरवलेल्या उदबत्तीचं लाल कडं दिसतं ते त्यामुळेच. पण सिनेमात नुसत्या प्रतिमाच रेंगाळत राहिल्या असत्या, तर पडद्यावर एकावर एक चढलेल्या चित्रांची खिचडी दिसली असती. हालचाल दिसते, कारण मेंदू तिचा हिशोब करतो.

हे माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं १९१२ साली दाखवलं. दोन रेषा, एकीनंतर दुसरी. मध्ये साधारण २०० मिलिसेकंद गेले तर त्या एकामागोमाग एक दिसतात, ३० गेले तर एकदमच. पण ६०च्या आसपास एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसते. प्रत्यक्षात काहीच सरकलेलं नसतं.

हा हिशोब कसा होतो, ते १९५६ साली हासेनश्टाइन आणि रायखार्ट या दोन जर्मनांनी एका भुंगेऱ्याकडून काढून घेतलं. भुंगेरा पाठीकडून चिकटवून अधांतरी धरला, त्याच्या पायांत गवताच्या काड्यांचा हलका गोळा दिला आणि भोवती पट्ट्यापट्ट्यांचा पिंप फिरवला. बिचारा जागच्या जागी चालायचा आणि काड्यांच्या फाट्यावर डावीकडे वळू की उजवीकडे, हे पट्ट्या बघून ठरवायचा.

त्यावरून त्यांनी मांडलेली युक्ती मला भयंकर आवडते. गल्लीत दोन चौकीदार आहेत, अ आणि ब (म्हणजे डोळ्यातल्या शेजारशेजारच्या दोन जागा). चोर दिसला की दोघंही चौकीवर निरोप धाडतात, पण अचा निरोप मुद्दाम सावकाश येतो. चोर अकडून बकडे पळाला, तर अचा रेंगाळलेला आणि बचा ताजा असे दोन्ही निरोप एकाच क्षणी पोहोचतात. चौकीवरचा हवालदार दोन्हींचा गुणाकार करतो. एकच आला तर उत्तर शून्य, दोन्ही आले तर ‘चोर पळाला!’ उलट दिशेसाठी याचीच आरशातली जोडी असते. दोन्ही उत्तरांची वजाबाकी केली की दिशा मिळते आणि उशीर किती ठेवलाय यावरून ती जोडी कोणत्या वेगाला जागी होणार ते ठरतं. माणसाच्या मेंदूतली जोडणी हुबेहूब अशी नाही, पण हिशोब त्याच जातीचा आहे. (डोकं गरगरलं असेल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, चोर पळून जाणार नाही.) गंमत अशी, की हवालदाराला चोर कधी दिसतच नाही. दोन चौकीदारांनी ठरवून लागोपाठ निरोप धाडले, तरी तो ‘पळाला’ म्हणूनच ओरडेल. अ‍ॅनिमेचा अख्खा धंदा या फसगतीवर उभा आहे.

मेंदूतलं हे खातं बंद पडलं तर? १९८३ साली म्युनिकच्या संशोधकांनी अशा एका रुग्ण स्त्रीची नोंद केली. कपात चहा ओतताना तिला धार गोठल्यासारखी दिसायची. कप भरत आलेला कळायचाच नाही, चहा ओसंडायचा.

आता भाचीच्या मोबाइलकडे या. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात, पण चित्रकथाकार ओसामु तेझुकांनी १९६३ साली ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला टीव्हीवर आणायचं ठरवलं, तेव्हा एवढी चित्रं काढणार कोण? मग एकच चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. बोलणारं तोंड तीन चित्रांत भागवायचं: मिटलेलं, अर्धवट, उघडं. बाकी चेहरा स्थिर. काटकसर होती ती, पण शाळेतल्या विनोदाला ती मानवली.

कारण ‘अझुमांगा दाइओ’ मुळात कियोहिको अझुमा यांची चार चौकटींची चित्रकथा. अशा चित्रकथेत तिसऱ्या चौकटीत वळण येतं, चौथीत फटका. पडद्यावर आणताना या दोघींमधली जागा ताणता येते. जपानीत तिला ‘मा’ म्हणतात, आपले नाटकवाले पॉज म्हणतात. सगळं निश्चल असताना एकच गोष्ट हलू लागली, की लक्ष आपसूक तिकडे खेचलं जातं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. २०११च्या ‘निचिजो’ या अशाच शाळकरी मालिकेत तर डब्यातलं सॉसेज निसटतं आणि ते झेलायची धडपड महायुद्धाच्या थाटात रंगवलेली आहे.

अशा मालिकांनी मेंदू ‘रिसेट’ होतो, डोपामिन हे मेंदूतलं रसायन ताळ्यावर येतं, असं सांगणारी रील भाचीनं मला पाठवली होती. पूर्वी लोक ‘ग्रहमान’ म्हणायचे, आता डोपामिन म्हणतात. पण तिसऱ्यांदाही हसू का येतं, याचा माझा अंदाज साधा आहे. गोष्ट आपल्याला पाठ असते, पण हवालदाराला स्मरणशक्ती नसते.

एवढं सगळं ऐकवून होईपर्यंत मोबाइलवर साकाकी, ती उंच, अबोल मुलगी, करड्या मांजरापुढे बसली होती. हात पुढे केलेला. मांजर स्थिर, हात स्थिर, मागची भिंतसुद्धा स्थिर.

“आता चावणार,” भाची म्हणाली.

चावलं. ती दचकली आणि खो-खो हसली. मीही.