३०० विरुद्ध ३०० बरोबर ३५५

शाळेत मागच्या बाकावर पुस्तकाची पानं उघडून क्रिकेट खेळला नाही, असा माणूस विरळा. पानाच्या आकड्यात शेवटी शून्य आलं की गडी बाद. पण त्या खेळात एक खोट होती. कसोटीत २४२ बळी आणि अवघ्या १६७ धावा असलेला चंद्रशेखर काय नि गावसकर काय, दोघांसाठी पान सारखंच उघडायचं.

अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांनी त्यांच्या खेळातली ही खोट लवकर दूर केली. १९५१ साली आलेल्या ‘एपीबीए’ या घरबसल्या बेसबॉलच्या खेळात प्रत्येक खेळाडूचं वेगळं कार्ड होतं. फासे टाकायचे आणि त्याच्या कार्डावर निकाल बघायचा. १९६०-६१ च्या सुमारास जॉन बर्जेसन यांनी बेसबॉलचा सामना आयबीएम १६२० या संगणकावर चढवला. गंमत म्हणजे या यंत्राला साधी बेरीजही स्वतःहून येत नसे. स्मृतीत भरलेल्या कोष्टकातून ते उत्तर शोधायचं! पुढे १९७१ मध्ये पोमोना कॉलेजातल्या डॉन डॅगलो या विद्यार्थ्याने असाच प्रोग्रॅम लिहिला.

बेसबॉल संगणकाला मानवतो, कारण त्याचा हिशेब आटोपशीर आहे. तीन बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना वाटेत लागणाऱ्या थांब्यांवर, धावपटू असण्या-नसण्याचे ८ प्रकार आणि बाद गडी ०, १ किंवा २ (तिसरा बाद झाला की डाव संपला). म्हणजे डावात कुठल्याही क्षणी २४ पैकी एक स्थिती. प्रत्येक बॅटर आला की यादृच्छिक आकडा काढायचा आणि पुढच्या स्थितीत उडी मारायची.

खरी मेख शक्यता ठरवण्यात आहे. समजा, बॅटर हजारात ३०० वेळा हिट मारतो, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठतो, आणि समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हजारात ३०० हिट देतो. दोघं भिडले तर किती? ३०० हे उत्तर चुकीचं. लीगची, म्हणजे स्पर्धेतल्या सगळ्या संघांची मिळून, सरासरी २५० असेल, तर बॅटर सरासरीहून सरस आणि पिचर सरासरीहून कच्चा. दोन्ही गोष्टी बॅटरच्याच पथ्यावर पडणार. बेसबॉलच्या आकडेवारीवर लिहिणाऱ्या बिल जेम्स यांच्या लिखाणातून पुढे आलेल्या रीतीत ‘हिटला किती बाद’ हे प्रमाण घेतात. बॅटरचं ३:७, पिचरचं ३:७, लीगचं १:३. पहिल्या दोघांचा गुणाकार करून त्याला लीगच्या प्रमाणाने भागलं की २७:४९ येतं, म्हणजे ७६ पैकी २७, हजारात ३५५.

आता डावपेच ठरवणारा मॅनेजर. पहिल्या बेसवर धावपटू, बाद कुणी नाही. बॅटरने बंट मारून, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच अडवून, स्वतःचा बळी द्यायचा आणि धावपटूला दुसऱ्या बेसवर न्यायचं? जुन्या मॅनेजरांचा हा लाडका डाव. कॅनडाच्या जॉर्ज लिंडसे यांनी वडिलांनी टिपून ठेवलेल्या सामन्यांच्या नोंदी वापरून १९६३ मध्ये असल्या डावपेचांचं गणित मांडलं. बंटने त्या डावातल्या अपेक्षित धावा सहसा घटतात. एकच धाव पुरेशी असेल तेव्हा कधी कधी तो परवडतो. संगणकातल्या मॅनेजरला हा विवेक शिकवणं मला सगळ्यात अवघड वाटतं.

एवढं करूनही नशीब उरतंच. अगदी सरासरी संघाने हंगामातल्या १६२ सामन्यांत ८१ जिंकावेत. पण नुसत्या योगायोगाने वीसातल्या एखाद्या हंगामात तो ९४ किंवा त्याच्या वर तरी जातो, नाहीतर ६८ किंवा त्याच्या खाली तरी घसरतो. जर्मनीच्या मार्कुस हाइन्सोन यांच्या १९९९ पासूनच्या ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या संघ चालवण्याच्या संगणक-खेळामध्ये संघमालकही असतो, आणि तो ६८ चा आकडा बघून तुम्हाला खुशाल घरी पाठवू शकतो.