हाताला झिणझिण्या न आणणारा घाव

बोर्निओतील दायाक लोकांचा ‘मांडाऊ’ हा कोयता मालकाच्या आज्ञेने हवेत उडून शत्रूला गाठतो, अशी एक कथा मोठ्या चवीने सांगितली जाते. लोखंड कोणाच्या आज्ञेने उडत नाही. उलट अशा कथांमुळे तेथील लोहारांचे खरे कौशल्य झाकले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या सारावाक राज्यातील दायाक आणि मलय शेतकऱ्यांच्या हातातील जड कोयत्याला मलय भाषेत ‘पारांग’, तर इबान या दायाक जमातीच्या भाषेत ‘डुकू’ म्हणतात. डोंगरउतारावरील भातशेतीसाठी झाडोरा तोडणे, बांबू चिरणे, नारळ आणि सरपण फोडणे ही त्याची रोजची कामे. त्यातील ‘पारांग लातोक’चे पाते मुठीकडे अरुंद असून टोकाकडे रुंद होत जाते, खांद्यापाशी, म्हणजे मुठीलगतच्या भागात, ते वाकलेले असते, आणि खांद्याचा भाग चौकोनी असल्याने तेथे दुसऱ्या हाताची पकड बसते.

टोकाकडील या रुंदीचे मर्म समजण्यासाठी ३० सेंटिमीटरची पट्टी एका टोकाला चिमटीत सैल धरून लोंबती ठेवावी. चिमटीजवळ टिचकी मारली तर वरचे टोक टिचकीच्या दिशेने ढकलले जाते, अगदी खाली मारली तर ते उलट दिशेने सरकते, आणि चिमटीपासून २० सेंटिमीटरवर मारली तर चिमटीला जवळजवळ धक्काच बसत नाही. या बिंदूला आघातकेंद्र म्हणतात. बॅटच्या नेमक्या जागी चेंडू बसला की हात झणझणत नाहीत, त्यामागेही काही अंशी हेच कारण असते. सारख्या रुंदीच्या पात्यात आघातकेंद्र मुठीपासून लांबीच्या दोन तृतीयांशावर येते, पण टोकाकडे त्रिकोणासारख्या रुंद होत जाणाऱ्या पात्यात तीन चतुर्थांशावर सरकते. म्हणजे जाडी एकसारखी धरून आणि मुठीचे वजन सोडून हिशेब केला, तर ४८ सेंटिमीटरच्या पात्यात ३२ ऐवजी ३६ सेंटिमीटरवर. जेथे पात्याचा वेग जास्त, तेथेच घाव बसतो आणि तरीही मनगट सुखरूप राहते.

पोलादाला नीट पाणी दिलेले नसेल, तर अर्थातच धार टिकत नाही. आज पुष्कळ पारांग मोटारींच्या जुन्या पाट्यांच्या स्प्रिंगपासून घडवले जातात, कारण ते पोलाद कणखर असूनही लवचीक असते.

लातोक दोन्ही हातांनी धरला की फिरण्याचा बिंदू मुठीकडून खांद्याकडे, म्हणजे गुरुत्वमध्याच्या जवळ येतो. गुरुत्वमध्यापासून फिरण्याच्या बिंदूचे अंतर आणि आघातकेंद्राचे अंतर यांचा गुणाकार त्या कोयत्यापुरता कायम असतो. त्यामुळे पहिले अंतर घटले की दुसरे वाढते, आणि घावाची योग्य जागा आणखी टोकाकडे, रुंद भागात सरकते.