कोल्हापुरात जैववैद्यकीय विषयात पीएच.डी.: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाआधीची तयारी

बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा झूलॉजीतून एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पीएच.डी.चे फॉर्म कधी सुटतात? फॉर्म भरणं हा यातला सर्वात सोपा भाग आहे. वर्ष जातं ते योग्य गाईड (मार्गदर्शक प्राध्यापक) मिळवण्यात आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी येण्यात. म्हणून या दोन गोष्टींची तयारी जाहिरात येण्याआधीच सुरू करा.

अर्ज कुठे करायचा

कोल्हापुरात तीन वाटा आहेत. पहिली शिवाजी विद्यापीठाची. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा असं आहे. कॅम्पसवरच्या बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी या विभागांत जैववैद्यकीय संशोधन करता येतं. दुसरी वाट कसबा बावड्यातल्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाची. तिथे स्टेम सेल आणि मेडिकल बायोटेक्नॉलॉजीवर काम चालतं, शिवाय त्यांचं स्वतःचं मेडिकल कॉलेज आहे. तिसरी वाट नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. सीपीआर रुग्णालयाशी जोडलेलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच विद्यापीठाला संलग्न आहे. तिन्हींच्या जाहिराती वेगवेगळ्या निघतात, फीसुद्धा वेगळी असते.

पात्रता

सध्या यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०२२ ची नियमावली लागू आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी आणि त्यात किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेअरमधले ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील, तर पदव्युत्तर पदवीशिवायही थेट अर्ज करता येतो.

प्रवेश दोन प्रकारे होतो: नेट, सेट, गेटसारख्या परीक्षेवरून किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून, म्हणजे आपल्या ‘पेट’मधून. पेटचा निम्मा पेपर संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर असतो. पेपरचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के धरून यादी लागते. २०२४ पासून नेटचा निकालही तीन गटांत लागतो. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळालेल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. बाकी दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के वजन असतं, आणि पीएच.डी. प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. त्यामुळे निकाल हातात आला की त्याच वर्षी हालचाल करा.

गाईड

नियमानुसार प्रोफेसर एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसर ६ आणि असिस्टंट प्रोफेसर ४ विद्यार्थी घेऊ शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. सरांची किंवा मॅडमची मान्यता ज्या विद्यापीठाची, पदवीही त्याच विद्यापीठाची मिळते. भेटायला जाण्याआधी त्यांचे अलीकडचे पेपर वाचून जा. जागा शिल्लक आहे का, हे स्पष्ट विचारा. तुमच्या कामाला लागणारी उपकरणं लॅबमध्ये चालू स्थितीत आहेत का, हेही विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, पुढची चार-पाच वर्षं तुम्हाला तिथेच काढायची आहेत.

विषयात रुग्णांचे नमुने असतील तर सह-मार्गदर्शक म्हणून डॉक्टर प्राध्यापक घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. नियमात त्याची सोय आहे. ओपीडीतला माणूस सोबत नसला की नमुने जमता जमत नाहीत.

कागदपत्रं

दहावीपासून पदव्युत्तरपर्यंतच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, नेट किंवा पेटचं स्कोअरकार्ड, आधार, फोटो ही नेहमीची यादी. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते मूळ विद्यापीठातून यायला वेळ लागतो, म्हणून आधीच अर्ज टाका. आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर. त्याची मुदत दाखल्यावरच लिहिलेली असते, ती संपलेली नाही ना हे बघून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा.

नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यांनी ना हरकत पत्रावर विशेष लक्ष द्यावं. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही. अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त करू, या तिन्ही गोष्टी पत्रात लिहिलेल्या हव्यात.

एथिक्स मंजुरी

रक्त, लघवी, गाठीचा तुकडा किंवा नुसती केस पेपरवरची माहिती, माणसाशी संबंधित काहीही वापरायचं तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी आहेत. मंजुरी आधी आणि नमुना नंतर, हा क्रम कधीच उलटा होत नाही. आधी गोळा केलेल्या नमुन्यांना मागाहून मंजुरी मिळत नाही, आणि ती मेहनत वाया जाते.

कमिटीकडे प्रोटोकॉल, संशोधकांचे बायोडेटा, प्रश्नावली आणि मराठीतलं संमतीपत्रक द्यावं लागतं. या संमतीपत्रकावर जीव लावून काम करा. समजा करवीर तालुक्यातल्या मधुमेही बायकांचं ५ मिली रक्त घ्यायचं आहे. तर ‘आपल्या जैविक नमुन्याचे विश्लेषण करण्यात येईल’ असं लिहू नका. ‘तुमच्या दंडातून एक छोटा चमचाभर रक्त घेऊ. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील’ असं लिहा. वाचता न येणाऱ्या बाईला ते मोठ्याने वाचून दाखवायचं. अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, आणि त्याची सही हवी. ज्या बाईने विश्वासाने हात पुढे केला तिला सगळं नीट समजलेलं असणं हा तिचा हक्क आहे.

उंदीर, ससे वापरायचे तर प्राण्यांसाठीची वेगळी एथिक्स कमिटी आणि नोंदणीकृत ॲनिमल हाऊस लागतं. जनुकांत फेरफार करणाऱ्या कामाला बायोसेफ्टी कमिटीची परवानगी घ्यावी लागते.

फेलोशिप

जेआरएफला सध्या दरमहा ३७,००० रुपये मिळतात, एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसीशिवाय आयसीएमआर आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांच्याही जेआरएफ आहेत. जैववैद्यकीय विषयवाल्यांनी त्या सोडू नयेत. राज्यात मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती आणि अनुसूचित जातींसाठी बार्टी या शासकीय संस्था फेलोशिप देतात. त्यांच्या जाहिरातीत पीएच.डी. नोंदणीच्या तारखेची अट नीट वाचा.

नोंदणीनंतर

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात संशोधन नीतीचा पेपर सक्तीचा आहे, आणि किमान ५५ टक्के मिळवावे लागतात. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. थिसिसआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली, पण फेलोशिप आणि पुढच्या मुलाखती डोळ्यांपुढे ठेवून तो छापलेला बरा.

थिसिस साहित्यचोरीच्या तपासणीतून जातो, मग किमान दोन बाह्य परीक्षकांकडे, मग खुला व्हायवा (तोंडी परीक्षा). हे सगळं पार पडलं की पदवी जाहीर होण्याआधी प्रत शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी दिली जाते. त्या वेळी विद्यापीठाकडून, ही पदवी यूजीसी नियमावलीनुसार दिल्याचा उल्लेख असलेलं प्रोव्हिजनल प्रमाणपत्र मागून घ्या. प्राध्यापक पदाच्या अर्जाला ते लागतं.