दारात येणाऱ्या पोराचं नाव आपल्याला का दिसतं

ऑर्डर टाकली की दोन मिनिटांत स्क्रीनवर नाव येतं, फोटो येतो, रेटिंग येतं, गाडी कुठल्या सिग्नलला थांबलीय तेही दिसतं. आपण ते वाचतो. आणि आपल्याकडे कुणाचं नाव वाचलं की नुसतं नाव वाचून होत नाही, नावावरून धर्म कळतो, आडनावावरून बऱ्याचदा जात कळते, शेवटी 'कर' असेल तर गावसुद्धा कळतं. म्हणजे आपल्याला हवी होती बिर्याणी आणि हातात आली एका अनोळखी पोराची अख्खी ओळख. ही पद्धत नेमकी कुठून आली आणि त्यात त्या पोराला कुणी विचारलं होतं का, हे मला बरेच दिवस लिहायचं होतं.

खरं तर नाव न सांगता घरोघरी डबा पोचवणं आपल्याला नवं नाही. मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारापासून हे करतायत, आणि डब्यावर काय असतं तर रंग, अक्षरं, आकडे. कुठल्या स्टेशनवरून निघाला, कुठे उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला. आणणाऱ्याचं नाव त्यात कुठेच नाही. हां, रोज येणारा माणूस एकच असल्यामुळे घरातले त्याला ओळखतात, तोही घरातल्यांना ओळखतो, पण ती ओळख दोन्ही बाजूंनी आणि हळूहळू झालेली असते. पोस्टमनचंही तसंच होतं.

ऑनलाइन खरेदी आल्यावर हे बदललं. फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली, तिच्यावर लोकांचा विश्वास बसला, आणि कुरियरवाला पोरगा स्वतःच्या मोबाइलवरून फोन करायला लागला की 'सर पत्ता सापडत नाहीये'. त्या दिवसापासून त्याचा नंबर शेकडो अनोळखी लोकांच्या फोनमध्ये पडायला लागला. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, पण व्हॉट्सॲप घराघरात पोचल्यावर त्या नंबरामागे डीपी आला, डीपीत बायकोमुलं आली.

मग डिसेंबर २०१४. दिल्लीत उबरच्या गाडीत एका प्रवासी तरुणीवर ड्रायव्हरने बलात्कार केला आणि देश हादरला. ड्रायव्हर कोण आहे, त्याची पडताळणी झालीय का, हे प्रश्न विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पुढच्या वर्षी ॲपमध्ये एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायचं, बटण आलं. समोरच्याची जास्तीत जास्त माहिती दिसणं म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण तेव्हा पक्कं झालं. नेमक्या त्याच काळात जेवण पोचवणारी ॲप्स उभी राहत होती, स्विगी २०१४ ची, झोमॅटोची डिलिव्हरी २०१५ ची, आणि टॅक्सीचा साचा जसाच्या तसा तिथे बसवला गेला असं मला वाटतं. पण टॅक्सीत आपण त्याच्या गाडीत बंद असतो आणि इथे तो आपल्या दारात दोन मिनिटं उभा असतो, हा फरक कुणी लक्षातच घेतला नाही. स्क्रीनवर ऑर्डर सरकताना बघायची सवय तर त्याआधीची, डॉमिनोजने अमेरिकेत २००८ मध्येच पिझ्झा ट्रॅकर आणला होता. फक्त तिथे ऑर्डर कुठल्या टप्प्यावर आहे हे कळायचं, आता माणूस कुठे आहे हे कळतं.

नंबर लपवायची सोय आली, ज्याला मास्किंग म्हणतात. मधल्या एका नंबरवरून फोन जोडला जातो, खरा नंबर कुणालाच दिसत नाही. याची चर्चा मात्र कायम ग्राहकांच्या, विशेषतः बायकांच्या तक्रारींवरून झाली, की डिलिव्हरीवाल्याने नंतर मेसेज केले. त्या तक्रारी खऱ्याच होत्या. पण उलट्या दिशेचं काय, डिलिव्हरी करणाऱ्या बाईला ग्राहक नंतर मेसेज करत असेल तर तिने कुठे जायचं, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला गेला. शिवाय मास्क केलेला कॉल लागला नाही की पोरं वैतागून स्वतःच्याच नंबरवरून फोन करतात, कारण उशीर झाला तर रेटिंग त्यांचं जातं. आणि दारात यूपीआयने पैसे घ्यायची वेळ आली आणि त्याने स्वतःचा क्यूआर दाखवला की बँकेतलं पूर्ण नाव समोर येतंच, मग मास्किंगचा उपयोग काय राहिला.

आता नावाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालंय.

जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने झोमॅटोवर रायडर हिंदू नाही म्हणून दुसरा मागितला, मिळाला नाही म्हणून ऑर्डर रद्द केली आणि स्वतःच ट्विट केलं. कंपनीने 'अन्नाला धर्म नसतो' असं उत्तर दिलं, देशभर वाहवा झाली. पण त्या गदारोळात रायडरचं नाव सगळ्या बातम्यांत आलं, त्याचा काही संबंध नसताना. आणि मला राहून राहून वाटतं, हे कळलं ते ग्राहकाने स्वतः सांगितलं म्हणून. जे गुपचूप नाव बघून रद्द करतात आणि कारणात 'उशीर होतोय' टाकतात त्यांची नोंद कुठे आहे?

याच्या उलट एप्रिल २०२० मधली मीरा रोडची घटना बघा. लॉकडाउन होतं, किराणा घेऊन आलेल्या माणसाला दारात नाव विचारलं आणि मुसलमान आहे म्हटल्यावर सामान घ्यायला नकार दिला. त्याने त्याचा व्हिडिओ काढला, काशिमीरा पोलिसांनी नकार देणाऱ्याला अटक केली. इथे नाव तोंडाने विचारावं लागलं, म्हणून पुरावा राहिला. ॲपवर नाव आधीच दिसत असलं की विचारायची गरजच पडत नाही, भेदभाव एका बोटाने होतो आणि मागे काहीच उरत नाही. 'नाव लपवून काय होणार, लोक विचारतीलच' असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचंय. विचारू देत ना, निदान विचारताना तोंड तरी दिसेल.

त्याच कोविडच्या काळात आणखी एक पायरी ओलांडली गेली. रायडरच्या अंगाचं तापमान ॲपवर दिसायला लागलं. दिल्लीत एक पिझ्झा पोचवणारा पॉझिटिव्ह निघाला आणि ७२ घरं क्वारंटाइन झाली, त्यामुळे लोक घाबरलेले होते हे मान्य, पण आपलं तापमान त्याला दिसत होतं का? घरात खोकणारा ग्राहक होता की नाही हे त्याला कोण सांगणार होतं?

मार्च २०२४ मध्ये तर कपड्यांवरून विषय पेटला. झोमॅटोने १९ तारखेला 'प्युअर व्हेज' ताफा जाहीर केला, हिरव्या कपड्यांतला. दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागे घेतले, सगळे लालच घालतील म्हणून सांगितलं, आणि कारण दिलं ते रायडरच्या सुरक्षिततेचं, लाल कपडेवाल्यांना मांसाहारी समजून सोसायट्यांनी अडवलं तर काय. मला ही माघार महत्त्वाची वाटते. अंगावरचा रंगसुद्धा धोक्याची माहिती ठरू शकतो हे कंपनीने एका दिवसात मान्य केलं, मग स्क्रीनवरचं नाव त्याहून जास्त धोक्याचं आहे हे का नाही मान्य करत?

बदल करता येतो हेही खोटं नाही. एअरबीएनबी या लोकांची घरं राहायला भाड्याने देणाऱ्या ॲपवर पाहुण्याचा फोटो बघून घरमालक नकार देतात असं दिसून आल्यावर २०१८ मध्ये कंपनीने फोटो बुकिंग झाल्यावरच दाखवायचं ठरवलं.

कायद्याचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. या कायद्यात नोकरीच्या कारणासाठी काही बाबतीत मालकाला संमतीशिवाय माहिती वापरता येते. पण कंपन्या तर या पोरांना नोकर म्हणतच नाहीत, 'पार्टनर' म्हणतात, मग माझ्या मते ती सवलत त्यांना सरळ लागू व्हायला नको आणि ग्राहकाला नाव दाखवायला वेगळी संमती घ्यायला हवी. आता सकाळी गाडीत पेट्रोल टाकून लॉगिन करणारा पोरगा 'मान्य आहे' सोडून दुसरं काय दाबणार. राजस्थानने २०२३ मध्ये, कर्नाटकने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरून सुटी कामं घेणाऱ्यांसाठी, कायदे केले, पण त्यांचा भर मंडळ, निधी, सामाजिक सुरक्षा आणि कंपनी-कामगार व्यवहारावर आहे.

दारात खात्रीसाठी काय लागतं, तर ऑर्डर नंबर आणि ओटीपी. फार तर गाडीचा नंबर. खरी ओळख कंपनीकडे असतेच, काही गुन्हा झालाच तर पोलीस ती तिथून घेऊ शकतात.

आणि सगळं ॲपवरच ढकलता येत नाही. आमच्या सोसायटीच्या गेटवर एक वही आहे, तिच्यात प्रत्येक रायडरने नाव, मोबाइल नंबर, वेळ लिहायची, आणि ती वही टेबलावर उघडी पडलेली असते, येणारा जाणारा कुणीही पान उलटून कालच्या चाळीस पोरांचे नंबर वाचू शकतो. नाव आणि मोबाइल हे दोन रकाने काढून फ्लॅट नंबर, गाडी नंबर आणि वेळ एवढंच ठेवा, असा अर्ज मी गेल्या आठवड्यात सेक्रेटरींकडे दिलाय, पुढच्या रविवारच्या मीटिंगला तो विषय आहे.