मनगटाच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण: इंदूरहून अर्ज करताना

‘मुरगळलंय, चोळलं की बसेल’ असं म्हणत महिना-दोन महिने काढून येणारा पेशंट इंदुरात काम करणाऱ्या कुठल्याही हाडाच्या डॉक्टरला ओळखीचा आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात बोट दाबलं की तो हात झटकन मागे घेतो. तिथलं स्कॅफॉइड, म्हणजे मनगटातलं एक छोटं हाड, मोडलेलं असतं. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाकडून मागे येतं. मध्येच मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं आणि मग हाड जुळायला अवघड जातं. पहिल्या एक्स-रेत भेग कधीकधी दिसतही नाही. अशी मनगटं नीट हाताळायची, तर एम.एस.नंतर, म्हणजे शस्त्रक्रियेतल्या पदव्युत्तर पदवीनंतर, वेगळं शिकावंच लागतं.

रस्ते मुख्यतः दोन. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची हँड अँड मायक्रोसर्जरीतली (हाताची आणि सूक्ष्म शस्त्रक्रिया) एफएनबी ही फेलोशिप 2 वर्षांची. तिची प्रवेश परीक्षा एफईटी. दुसरा, हँड सर्जरीतलं एम.सीएच. ही सुपर-स्पेशालिटी पदवी, 3 वर्षांची, नीट-एसएस या प्रवेश परीक्षेतून. ऑर्थोपेडिक्समध्ये (हाडांच्या शाखेत) एम.एस. किंवा डीएनबी (राष्ट्रीय मंडळाची तशीच पदवी) झालेल्यांना दोन्ही वाटा खुल्या आहेत. शेवटच्या वर्षात असाल तर निकालाची कटऑफ तारीख त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधी बघा.

फॉर्म ऑनलाइन. फोटो, सही, अंगठ्याचा ठसा अपलोड करायचा. एमबीबीएस आणि एम.एस.च्या पदव्या, मेडिकल कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, फोटो असलेलं ओळखपत्र हाताशी ठेवा. सरकारी नोकरीत असाल तर विभागाकडून एनओसीची (ना-हरकत प्रमाणपत्राची) चौकशी आधीच करा.

खरी अडचण नावाची, आणि ती आपल्या मराठी लोकांना जास्त. महाराष्ट्रात शिकलेल्याच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर फक्त नाव-आडनाव. मुलींचं लग्नानंतर आडनाव बदललेलं. माझ्या एका ज्युनिअरच्या पदवीवर माहेरचं, नोंदणीवर सासरचं आडनाव होतं. पडताळणीच्या दिवशी ती विवाह प्रमाणपत्रासाठी घरी फोनवर फोन करत होती, आणि तिचा तो चेहरा मला अजून आठवतो. ते प्रमाणपत्र आणि नोटरी केलेलं शपथपत्र फाईलमध्ये आधीच लावून ठेवा.

एम.एस.ची पदवी भोपाळच्या मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलमध्ये अतिरिक्त अर्हता म्हणून चढवून घ्या. समुपदेशनात जागा निवडताना तिथे मनगटाची आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून सांध्याची शस्त्रक्रिया) होते का, आणि शिकणाऱ्याच्या हातात स्कोप, म्हणजे ती दुर्बीण, दिला जातो का, हे तिथे सध्या शिकणाऱ्यालाच विचारा. परराज्यात जागा मिळाली तर भोपाळहून एनओसी घेऊन तिथल्या कौन्सिलची नोंदणीही करावी लागते; तिच्यासाठी रुजू व्हायच्या आधीचे काही दिवस मोकळे ठेवा.