ताडोब्याला नेतात ती नळकांडी आली कुठून

पावसाळा संपत आला, ताडोब्याचा कोअर (जंगलाचा गाभा) उघडायचे दिवस जवळ आले की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, अरे लांबची लेन्स घ्यायचीय, १५०-६०० घेऊ की जुनी ३०० एफ २.८ सेकंडहँड बघू, की सरळ भाड्याने नेऊ? (एमएमचा आकडा मोठा तितकं जनावर जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त.) मी लगेच उत्तर देत नाही. या प्रश्नातला प्रत्येक आकडा कोणाच्या तरी अडचणीतून आलाय, आणि ती अडचण आज आपली आहे का एवढं कळलं तरी अर्धं काम होतं. म्हणून मागची सगळी गोष्ट एकदा लिहून काढतोय.

सुरुवातीला प्राण्यापक्ष्यांचे फोटो लांबून काढायचे असतात हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं, कारण तसं जमतच नव्हतं. १८९२ मध्ये इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी अंडी असलेल्या घरट्याचा फोटो घेतला, तो कॅमेरा घरट्यापाशी नेऊन. पुढे तर या दोघांनी आतून पोकळ असा पेंढा भरलेला बैल बनवून घेतला आणि त्याच्या पोटात बसून पक्षी टिपले. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात वाघांच्या वाटेवर तार लावून ठेवली, वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटायचा आणि फोटो निघायचा. म्हणजे उपाय दोनच, आपण लपून जवळ जायचं नाहीतर वाघालाच स्वतःचा फोटो काढायला लावायचा. जवळ जाण्याची किंमतही मोजावी लागायची. एरिक हॉस्किंग हा इंग्रज पक्षी फोटोग्राफर १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ रात्री लपणीकडे (लपून बसायच्या जागेकडे) जात होता, घुबडाने झडप घातली आणि त्याचा एक डोळा कायमचा गेला.

आता गंमत बघा, टेलिफोटो लेन्सचा शोध यातल्या सगळ्या फोटोंच्या आधीचा आहे. १८९१ मध्ये लंडनचा थॉमस रुडॉल्फस डॉलमायर, जर्मनीतला अडॉल्फ मीथे आणि म्युनिकचा श्टाइनहाइल या तिघांनी साधारण एकाच वेळी, एकमेकांशी संबंध नसताना, तीच कल्पना मांडली. साध्या भिंगाने ६०० एमएम फोकल लेंग्थ हवी असेल तर नळीही जवळजवळ तेवढीच, म्हणजे दोन फुटांची लागते. या लोकांनी पुढे प्रकाश गोळा करणारं भिंग ठेवलं आणि मागे प्रकाश थोडा फाकवणारं अंतर्वक्र भिंग, त्यामुळे चित्र मोठं येतं पण नळी आखूड राहते. टेलिफोटो हा शब्द खरा या रचनेसाठी आहे, आपण कुठल्याही लांब लेन्सला टेलि म्हणतो ते नंतरचं. पण त्या लेन्समधून प्रकाश इतका कमी यायचा की डोंगर, देवळाचे कळस, नांगरून पडलेली जहाजं यांचे फोटो ठीक यायचे, हलणाऱ्या जनावराचा प्रश्नच नव्हता.

इथेच सगळ्या गोष्टीची मेख आहे. आपण लेन्स निवडताना किती एमएम विचारतो, पण गेल्या शंभर वर्षांत या लेन्सवर जे काही डोकं आणि पैसा खर्च झाला त्यातला बहुतेक प्रकाशासाठी झाला. हिशोब साधा आहे, लांबीला एफच्या आकड्याने भागलं की काचेचा व्यास, ६०० ला ४ ने भागा, १५० एमएम. म्हणजे ६०० एफ ४ लेन्सच्या तोंडाशी दीडशे एमएम व्यासाची काच लागतेच, जेवणाच्या ताटापेक्षा लहान पण नाश्त्याच्या बशीएवढी, आणि तीही एकही डाग-बुडबुडा नसलेली. तीच ६०० एफ ६.३ केली तर ९५ एमएमवर भागतं. दहा लाखांच्या पुढची लेन्स आणि लाखाच्या आसपासची लेन्स यांच्यातला मोठा फरक या बशीत आहे.

खेळाच्या फोटोंनी पहिला जोर लावला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी झाइसने कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी १८० एमएम एफ २.८ ची सोनार नावाची लेन्स आणली, लोक तिला ऑलिंपिया सोनार म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. आज १८० एमएम ऐकून कोणी मैदानावर जाणार नाही, पण त्या काळात एवढं लांब आणि एवढं उजेडाचं म्हणजे मोठीच गोष्ट होती.

उजेडासाठी एवढी मारामारी का, ते समजायला जुनी फिल्म डोळ्यासमोर आणा. वाइल्डलाइफवाले कित्येक वर्षं कोडॅक्रोम ६४ वर काम करायचे, म्हणजे आजच्या भाषेत आयएसओ (फिल्म प्रकाशाला किती दाद देते त्याचा आकडा) ६४, तोही बदलता न येणारा. लख्ख उन्हात एफ ५.६ ला शटर मिळायचं १/५०० सेकंद, ठीक आहे. पण वाघ उन्हात बसतो कशाला, तो बसतो बांबूच्या सावलीत, तिथे चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) गेले की शटर येतं १/३० वर, आणि ४०० एमएमची लेन्स हातात धरून १/३० ला काढलेला फोटो म्हणजे नुसतं पिवळं-काळं फरकाटं. तिथे एफ २.८ असेल तर १/१२५ मिळायचं, जनावर स्थिर असेल तर फोटो हातात. त्या दोन स्टॉपसाठी माणसं चार-पाच किलोचं ओझं आणि घर गहाण पडेल एवढी किंमत सोसायची. एफ २.८ चा जो दरारा आजही आहे तो तिथून आलाय.

फोकसचंही तसंच. हाताने रिंग फिरवून पळत्या हरणाला धरणं कठीण, म्हणून जर्मनीच्या नोव्होफ्लेक्सने पिस्तुलासारखी मूठ काढली, मूठ दाबली-सोडली की फोकस पुढेमागे. लाइत्झच्या ४०० आणि ५६० एमएम एफ ६.८ लेन्सची नळीच सरकवून फोकस व्हायचा, वजनाला हलक्या, भटकणाऱ्यांच्या लाडक्या. सोव्हिएत रशियात तर झेनिट कॅमेरा आणि ३०० एमएम लेन्स बंदुकीच्या दस्त्यावर बसवून फोटोस्नायपर म्हणून विकली. रशियन दिमित्री मक्सुतोव्हने १९४१ मध्ये दुर्बिणीसाठी जी आरशाची रचना केली, त्याच जातीच्या आरशाच्या लेन्सही निघाल्या, ५०० एमएम असूनही हातात मावणाऱ्या आणि स्वस्त. पण मध्ये आरसा असल्याने मागच्या चमकत्या ठिपक्यांच्या मेदूवड्यासारख्या कड्या दिसतात, आणि अपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) एफ ८ वर कायमचं अडकलेलं. आजही ऑनलाइन फार स्वस्तात ५०० एमएम दिसली तर बहुतेक हीच असते, कड्या चालत असतील तरच घ्या.

मग पांढऱ्या लेन्स. लेन्स जितकी लांब तितके लाल आणि निळे किरण वेगवेगळ्या जागी जमतात, कडांना जांभळी झालर येते. फ्लोराइटचं स्फटिक यावर उत्तम औषध आहे हे मायक्रोस्कोपवाल्यांना एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं, पण खाणीत मिळणारे चांगले तुकडे छोटे, कॅमेऱ्याच्या लेन्सला पुरणार नाहीत. कॅननने कृत्रिम फ्लोराइट भट्टीत वाढवायला शिकून १९६९ मध्ये एफएल-एफ ३०० एमएम एफ ५.६ काढली. फ्लोराइट गरम झालं की जास्त फुगतं, उन्हात तापून फोकस हलू नये म्हणून पुढे मोठ्या लेन्सना पांढरा रंग आला. वानखेडेवर सीमारेषेबाहेर पांढऱ्या नळ्यांची रांग दिसते त्याचं मूळ हे. निकॉनने आधी ईडी काचेचा (रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेचा) रस्ता धरला, म्हणून त्यांच्या बहुतेक काळ्याच राहिल्या.

ऑटोफोकस १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० पासून खऱ्या अर्थाने लोकांच्या हातात आला. निकॉनने फोकसची मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत ठेवली, कारण जुना माउंट (लेन्स अडकवायची जागा) टिकवायचा होता. कॅननने १९८७ मध्ये जुना माउंटच मोडीत काढला, लोकांच्या घरातल्या लेन्स एका रात्रीत नव्या बॉडीला निरुपयोगी, खूप जण चिडले, आणि त्यांचं चिडणं मला पटतं. पण मोटर लेन्समध्ये गेल्यामुळे ३०० एफ २.८ सारखी जड काच पटकन आणि आवाज न करता हलायला लागली, आणि नव्वदच्या दशकात मैदानांवर पांढऱ्या लेन्स वाढल्या त्यात याचा मोठा हात आहे. १९९५ मध्ये कॅननच्याच ७५-३०० मध्ये स्टॅबिलायझर आला. हाताचा थरथराट भिंग हलवून भरून काढायचा. याने आपला हात स्थिर होतो, काळवीट स्थिर होत नाही, हे मात्र अजूनही खूप जण विसरतात.

आणि मग डिजिटल. माझ्या मते या सगळ्यात मोठी उलथापालथ ती. आज बऱ्यापैकी बॉडीवर आयएसओ ३२०० बिनधास्त वापरता येतो, ६४ च्या पन्नास पट, म्हणजे सावलीतल्या त्याच वाघाला एफ ५.६ वरच १/१५०० मिळतं. जे काम करायला दोन स्टॉपची काच लाखो रुपयांनी विकत घ्यायची ते सेन्सरने फुकटात केलं. म्हणूनच टॅमरॉनने २०१३ च्या शेवटी १५०-६०० आणली, सिग्माच्या दोन आल्या, निकॉनची २००-५०० २०१५ मध्ये, सोनीची २००-६०० २०१९ मध्ये, आणि जिप्सीत मागच्या सीटवर बसलेल्या सामान्य नोकरदार माणसाच्या हातातही ६०० एमएम आली. हे चांगलंच झालं असं मी मनापासून मानतो. आत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या फोकसला साधारण एफ ५.६ पर्यंत उजेड लागायचा, त्यामुळे यातल्या एफ ६.३ वाल्या लेन्स त्यांच्यावर अगदी काठावर चालायच्या, आरसा नसलेल्या मिररलेसने ती भिंतही पाडली आणि २०२० मध्ये कॅननने ६०० आणि ८०० एमएम चक्क एफ ११ च्या काढल्या. दुसरीकडे निकॉनने फ्रेनेलच्या तत्त्वावरची पातळ कड्यांची काच वापरून २०१८ मध्ये ५०० एफ ५.६ दीड किलोच्या आत बसवली, आणि कॅननची ६०० एफ ४, जी १९९९ मध्ये साडेपाच किलोच्या जवळ होती, ती २०१८ मध्ये तीन किलोवर आली.

मग एफ २.८, एफ ४ संपलं का, तर नाही. गेल्या हिवाळ्यात ताडोब्यात मोहर्लीच्या बाजूला पहाटे धुक्यात माझ्याकडे झूम होती, ६०० ला एफ ६.३, आयएसओ ६४०० वर नेऊन शटर जेमतेम १/२००, बिबट्या रस्ता ओलांडताना मान वळवून बघतोय आणि पुढचे पंजे हलल्याने पुसट. शेजारच्या जिप्सीत एफ ४ वाला होता, त्याला एक स्टॉप आणि थोडं वर मिळालं, त्याचे पंजे धारदार, आणि मागचं गवत लोण्यासारखं विरघळलेलं. तो विरघळलेला बॅकग्राउंड आयएसओ वाढवून मिळत नाही. रात्री दिव्यांखाली कबड्डी काढायची असेल तरी तीच गोष्ट, तिथे मी ६०० एमएम घरी ठेवून ७०-२०० एफ २.८ नेतो. उलट उजनी धरणाच्या काठी भिगवणला दुपारी पाण्यावरून वाफ नाचायला लागली की दहा लाखांची असो की एक लाखाची, फ्लेमिंगो दोन्हीत मेणासारखे वितळलेलेच दिसतात, तिथे सकाळी आठच्या आत होडी काढणं हाच उपाय.

जुन्या ३०० एफ २.८ बद्दल एक सांगतो. मी एकदा तशीच एक भाड्याने घेतली होती, काच अप्रतिम, दुसऱ्या सफारीला मोटर बंद पडली. फोकस हाताने करत राहिलो, कोडॅक्रोमवाल्यांसारखा, आणि जमलेही दोन-चार फोटो. नंतर कळलं त्या मॉडेलचे पार्टच आता मिळत नाहीत. म्हणून सेकंडहँड बघताना काचेवर टॉर्च मारण्याआधी लेन्स बॉडीला लावा, जवळ-लांब वीस-पंचवीस वेळा फोकस करून मोटरचा आवाज ऐका, आणि पार्ट मिळतात का ते सर्व्हिस सेंटरला फोन करून पैसे देण्याआधी विचारा.